मनगटावरचे जाळे आणि मनगटातले जाळे

हे प्रकरण २००२ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्पायडरमॅन’ या चित्रपटातील एका बदलाचे आहे. कॉमिक्समधील नायक मनगटावर बांधलेल्या यंत्रातून जाळे फेकत असे. चित्रपटात ते थेट त्याच्या शरीरातून निघू लागले. बदल एवढासाच, परंतु त्यावरून उठलेला वाद चित्रपटाआधी दोन वर्षे सुरू झाला आणि चित्रपटानंतरही दीर्घकाळ धुमसत राहिला. दिग्दर्शक, लेखक आणि प्रकाशनसंस्था यांची नावे सर्वश्रुत असल्यामुळे ती येथे दिली आहेत. मोहीम चालवणाऱ्या चाहत्यांची ओळख मात्र मुद्दाम वगळली आहे.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅनची जन्मकथा अवघ्या अकरा पानांत सांगितली. किरणोत्सर्गी कोळी चावल्यामुळे पीटर पार्कर या शाळकरी मुलाला ताकद मिळते, चपळाई मिळते, भिंतीवर चढता येऊ लागते. जाळे मात्र त्याला कोळ्याकडून मिळत नाही. ते तो स्वतःच्या डोक्याने आणि हाताने तयार करतो, आणि तेही जगाच्या रक्षणासाठी नव्हे, तर करमणुकीच्या कार्यक्रमांत चार पैसे मिळवण्यासाठी. अंगी आलेली शक्ती ही योगायोगाची देणगी आणि जाळे ही स्वकष्टाची कमाई, ही विभागणी पहिल्या अंकापासूनच पक्की होती.

या यंत्राची रचना वाचकांना तोंडपाठ असे. दोन्ही मनगटांवर एकेक छोटे उपकरण, त्याचा खटका तळहातावर आलेला, आणि तो दाबण्यासाठी मधली दोन बोटे आत वळवायची. तर्जनी आणि करंगळी त्यामुळे आपोआप ताठ राहतात; भारतातल्या कोणत्याही गल्लीतले पोर आजही हात पुढे करून जी खूण करते, ती याच खटक्यामुळे जन्मली आहे. जाळ्याचे रसायन छोट्या कुप्यांत भरलेले असे, कुप्या कमरेच्या पट्ट्यात असत, आणि त्या नको त्या क्षणी रिकाम्या होत. फेकलेले जाळे साधारण तासाभरात विरघळून जाई.

वादाच्या दृष्टीने यातला शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. १९६४ साली, ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या अठराव्या अंकात, पैशांच्या विवंचनेत सापडलेला पीटर हे रसायन एका चिकटद्रव्य बनवणाऱ्या कंपनीला विकायला जातो. कंपनीला कौतुक वाटते. पण तासाभरात विरघळणारा गोंद घेऊन करायचे काय, या व्यवहारी कारणाने ते लोक त्याला परत पाठवतात. एवढे विलक्षण रसायन बनवणारा मुलगा गरीब का राहिला, या प्रश्नाचे उत्तर लेखकांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच देऊन ठेवले होते.

चित्रपटाचे हक्क १९८५ पासून या हातातून त्या हातात फिरत राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी या विषयावर सविस्तर आराखडा लिहिला, आणि शरीरातून निघणारे जाळे ही कल्पना त्यातली. पुढे कंपन्यांची दिवाळखोरी आणि कोर्टकज्जे यांत तो आराखडा अडकला. १९९९ मध्ये हक्क सोनीकडे आले, डेव्हिड केप यांनी पटकथा लिहायला घेतली, आणि २००० च्या आरंभी सॅम रेमी यांची दिग्दर्शक म्हणून निवड झाली. केप यांनी कॅमेरॉन यांच्या आराखड्यातली ती एक गोष्ट उचलून धरली.

त्या काळचे वातावरणही लक्षात घ्यायला हवे. १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी अभिनेते मायकेल कीटन यांची निवड झाली, तेव्हा स्टुडिओकडे निषेधाची हजारो पत्रे गेली होती, आणि चित्रपट आल्यावर त्याच कीटन यांना लोकांनी डोक्यावर घेतले होते. स्टुडिओवाल्यांनी यातून काढलेला धडा सोयीचा होता: चाहते आधी ओरडतात आणि मग तिकीट काढतात. जुलै २००० मध्ये आलेल्या ‘एक्स-मेन’मध्ये कॉमिक्समधल्या पिवळ्या पोशाखांच्या जागी काळे चामडे आले, वर त्या पिवळ्या पोशाखाची चित्रपटातच थट्टाही झाली. आपल्या आवडीच्या गोष्टीची चित्रपटवाल्यांना लाज वाटते, ही चाहत्यांच्या मनातली सल तेव्हा ताजी होती.

प्रश्न काय होता

यंत्र नसणार, ही बातमी फुटताच इंटरनेटवर विरोधाची मोहीम उभी राहिली, सह्या गोळा झाल्या, आणि शरीरातून निघणारे जाळे नको ही एकच मागणी पुढे आली. रेमी हे स्वतः लहानपणापासूनचे कॉमिक्सवाचक असल्यामुळे ‘बाहेरच्या माणसाने केलेली नासधूस’ असा आरोप त्यांच्यावर सहजासहजी चिकटत नव्हता. त्यांचे म्हणणे असे होते की, मोठमोठ्या कंपन्यांना जे चिकटद्रव्य साधले नाही ते एका शाळकरी मुलाने स्वतःच्या खोलीत बनवले, हे प्रेक्षकाच्या गळी उतरवणे कठीण आहे. कोळी चावल्याची एक अशक्य गोष्ट प्रेक्षकाने मान्य केल्यावर त्याच्याकडे दुसरी अशक्य गोष्ट मागू नये.

या युक्तिवादात तथ्य होते. पटकथेचा एक जुना नियम त्यामागे आहे: कथेच्या मुळाशी असलेला एक चमत्कार प्रेक्षक आनंदाने स्वीकारतो, पण त्यानंतर जे घडेल ते त्या चमत्कारातूनच उगवलेले असावे लागते. शिवाय चित्रपटाचा विषयच वयात येणाऱ्या मुलाचे बदलते शरीर हा होता, आणि मनगटातून अचानक काहीतरी चिकट बाहेर येऊ लागणे हे त्या विषयाशी, थोड्या अवघडलेल्या विनोदासह, जुळणारे होते.

चाहत्यांची बाजू अधिक गुंतागुंतीची होती, आणि दुर्दैवाने ती मांडली गेली तितकी साधी नव्हती. वरवर त्यांचे म्हणणे ‘पुस्तकात यंत्र आहे म्हणून चित्रपटात यंत्र हवे’ एवढेच वाटत होते. तसे ते असते, तर मुळाबरहुकूम नसलेल्या इतर गोष्टींवरही तितकाच गदारोळ व्हायला हवा होता. चित्रपटातला कोळी किरणोत्सर्गी नव्हता, जनुकीय बदल करून तयार केलेला होता. १९७३ च्या ज्या प्रसिद्ध अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडून मरते, त्या प्रसंगाच्या सावलीतला पुलावरचा प्रसंग चित्रपटात नायिका मेरी जेनच्या वाट्याला आला. हे बदल कथेच्या दृष्टीने लहान नव्हते, तरीही वादाचे केंद्र मनगटच राहिले. याचा अर्थ निष्ठेची मोजपट्टी सर्व ठिकाणी सारखी लावली जात नव्हती, आणि जिथे ती कडकपणे लावली गेली तिथे काहीतरी खास दुखावले होते.

दुखावले होते ते पीटरचे डोके. बॅटमॅनची उपकरणे त्याच्या संपत्तीतून येतात. पीटरचे उपकरण काटकसरीतून आणि अभ्यासातून आलेले होते. वर्गात मागे पडलेल्या, खेळात कोणी न घेतलेल्या, पण प्रयोगशाळेत रमणाऱ्या वाचकाला त्या खोक्यात आपले काहीतरी दिसत होते. यंत्र गेले म्हणजे नायकाने स्वतः मिळवलेली एकमेव गोष्ट गेली, आणि मागे राहिला तो केवळ नशिबाने शक्ती लाभलेला मुलगा. दिग्दर्शक उत्तर देत होते ते ‘हे पटेल का?’ या प्रश्नाचे. चाहते विचारत होते, ‘हा मुलगा मग कोण उरला?’ दोन्ही बाजू शब्द मात्र एकच वापरत होत्या: जाळे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मूळ यंत्र जसेच्या तसे ठेवण्याचा होता. त्यात चाहते संतुष्ट झाले असते, परंतु सुमारे दोन तासांच्या चित्रपटात चावा, शक्ती, काकांचा मृत्यू, पोशाख आणि खलनायक या सर्वांसोबत संशोधनाचा एक वेगळा टप्पा बसवावा लागला असता. दुसरा पर्याय शरीरातून निघणाऱ्या जाळ्याचा. तो झटपट होता आणि विषयाला पूरक होता. कॉमिक्सच्या जगात तो अगदीच परका होता असेही नाही, कारण १९९२ पासून सुरू झालेल्या ‘स्पायडरमॅन २०९९’ मधला भविष्यकाळातला नायक शरीरातूनच जाळे सोडत असे. पण तो पीटर पार्कर नव्हता, हा फरक लहान नाही.

तिसरा पर्याय माझ्या मते सर्वांत लक्षणीय होता, आणि तो त्याच काळात, स्पायडरमॅनच्याच प्रकाशनसंस्थेच्या छपाईतून बाहेर पडत होता. २००० च्या उत्तरार्धात मार्व्हलने ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ ही मालिका सुरू केली. नव्या पिढीसाठी जन्मकथा पुन्हा सांगताना तिच्या लेखकालाही रेमी यांच्यासमोर होती तीच अडचण आली: पंधरा वर्षांच्या मुलाने हे रसायन बनवले कसे? उत्तर असे काढले गेले की पीटरचे दिवंगत वडील शास्त्रज्ञ होते, चिकटद्रव्यावरचे त्यांचे काम अर्धवट राहिले होते, आणि मुलाने ते पुरे केले. यात पटण्याजोगेपणाही आला, बुद्धीही शाबूत राहिली, आणि वर बाप-लेकाचा एक धागा फुकट मिळाला.

निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

दुसरा पर्याय निवडला गेला, आणि विरोध वाढल्यानंतरही तो बदलला नाही. निर्णय अमलात कसा आणला गेला, ते पाहण्यासारखे आहे. पीटर गच्चीवर उभा आहे, मनगटातून जाळे निघते हे त्याला कळले आहे, पण हवे तेव्हा ते काढायचे कसे हे कळत नाही. तो हात झटकतो, बोटांच्या नाना मुद्रा करून पाहतो, इतर महानायकांचे मंत्र ओरडून पाहतो. अखेरीस मधली दोन बोटे तळहातावर दाबली जातात आणि जाळे सुटते. प्रसंग गोड आहे आणि तो पाहताना हसू येते.

पण क्षणभर थांबून विचार केला तर येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ती बोटे दाबत होती तो खटका आता नाही. ज्या कारणासाठी ती मुद्रा जन्मली ते कारण काढून टाकले, आणि मुद्रा तेवढी ठेवली. म्हणजे चित्रपटकर्त्यांनी निष्ठा सोडली असे नाही. त्यांनी दिसण्याशी निष्ठा राखली आणि कार्यकारणाशी सोडली. पोशाखाबाबतही तेच झाले. चित्रपटातला पीटर वहीत पोशाखाची चित्रे काढतो, आणि पुढे उंचवट्याच्या रेषांचा, अंगाला बेतलेला असा पोशाख घालून उभा राहतो, की जो कोणत्याही मुरलेल्या शिंप्याला सहजी जमणार नाही. तो कसा शिवला याचा खुलासा नाही आणि प्रेक्षकाने तो मागितलाही नाही. पोशाख गळी उतरला तर यंत्रही उतरले असते, हा चाहत्यांचा सर्वांत बिनतोड मुद्दा होता.

पीटरच्या बुद्धीची जागा चित्रपटाने संवादांनी भरली. पुढे खलनायक होणारा शास्त्रज्ञ नॉर्मन ऑस्बॉर्न त्याच्या विज्ञानातल्या गतीचे कौतुक करतो, आणि आपण त्यांच्या नॅनो तंत्रज्ञानावरच्या संशोधनावर निबंध लिहिला असल्याचे पीटर सांगतो. हे सांगितले जाते; त्या बुद्धीने तो संकटात काही करतो असे मात्र क्वचितच दिसते.

पुढे काय घडले

मे २००२ च्या पहिल्या शुक्रवारी चित्रपट अमेरिकेत लागला आणि तीन दिवसांत त्याने सुमारे ११ कोटी ४८ लाख डॉलर मिळवले. पहिल्याच शनिवार-रविवारी दहा कोटींचा आकडा ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला. जगभरातील कमाई ८२ कोटी डॉलरच्या घरात गेली. विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिला असणार, आणि कित्येकांना तो आवडलाही असणार. स्टुडिओच्या दृष्टीने वाद येथे संपला, आणि १९८९ चा सोयीचा धडा आणखी एकदा गिरवला गेला.

२००४ च्या दुसऱ्या भागात या निर्णयाने अनपेक्षित फळ दिले. त्यात पीटर मनाने खचतो आणि उंच इमारतींच्या मध्ये असताना त्याचे जाळे अचानक निघेनासे होते. यंत्र असते तर ती निव्वळ कुपी संपल्याची घटना झाली असती. येथे ती मनाच्या अवस्थेची खूण झाली. बदलाचे समर्थक आजही हाच प्रसंग पुढे करतात, आणि तो प्रसंग खरोखर चांगला आहे. थोडे काटेकोरपणे बोलायचे तर त्याच चित्रपटात पीटरची भिंतीला चिकटण्याची शक्तीही जाते आणि नजरही पूर्वीसारखी अधू होते, त्यामुळे मनगटावर यंत्र असूनही हा आशय सांगता आला असता. तरी जाळे हवेत तुटल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो इतर गोष्टींनी पडला नसता, हे मान्य करावे लागेल.

त्याच वर्षी कॉमिक्समध्ये जे घडले त्याने मात्र वादाला वेगळे वळण दिले. आंदोलनाच्या काळात चाहत्यांची एक भीती असे: चित्रपट चालला की पुस्तकही त्याच्यासारखे करतील. ही भीती तेव्हा अतिरंजित मानली गेली. २००४ मध्ये मार्व्हलने एका कथानकाद्वारे पीटरच्या शरीरात बदल घडवून आणला आणि कॉमिक्समधल्या मूळ पीटरच्या मनगटातूनही जाळे निघू लागले. बेचाळीस वर्षे टिकलेली गोष्ट पडद्यावरच्या यशाने दोन वर्षांत बदलली. हा बदल टिकला नाही. जानेवारी २००८ मध्ये मालिकेची नवी घडी बसवताना यंत्र परत आले आणि शरीरातून निघणाऱ्या जाळ्याचा विषय गुपचूप मिटवला गेला.

पडद्यावरही काटा उलटा फिरला. २०१२ मध्ये मार्क वेब यांच्या चित्रपटात यंत्र परतले. त्यात जाळ्याचा धागा एका मोठ्या कंपनीच्या उत्पादनातून घेतलेला आणि फेकण्याचे उपकरण पीटरने स्वतः बनवलेले, अशी विभागणी करून पटण्याजोगेपणाचा प्रश्न सोडवला गेला. २०१७ च्या चित्रपटातला पीटर तर शाळेच्या रसायनशास्त्राच्या तासाला, बाकाच्या खणाआड चोरून जाळ्याचे रसायन ढवळताना दिसतो. रेमी यांना जे प्रेक्षकाच्या गळी उतरणार नाही असे वाटले होते, ते पंधरा वर्षांनी काही सेकंदांच्या विनोदी दृश्यात बसले आणि प्रेक्षकाने हूं की चूं केले नाही.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

पहिली जागा पटकथेच्या टेबलावरची. तेथे विचारला गेलेला प्रश्न ‘यंत्र ठेवायचे की काढायचे?’ असा होता. ‘हे यंत्र कथेत कोणती कामे करते?’ असा प्रश्न विचारला असता तर यादी हाती आली असती: ते पीटरची हुशारी दाखवते, त्याची गरिबी दाखवते, ऐन वेळी दगा देऊन ताण निर्माण करते. यंत्र काढल्यावर यातली कोणती कामे अनाथ होतात आणि ती कोणाकडे सोपवायची, हे ठरवता आले असते. शरीरातून जाळे काढूनही एखाद्या लढाईत पीटरने ताकदीऐवजी रसायनशास्त्राने बाजी मारली असती, तर विरोधाची धार बरीच बोथट झाली असती असे मला वाटते.

दुसरी जागा विरोधाला उत्तर देण्याची. रेमी यांनी उत्तर दिले, टाळाटाळ केली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. परंतु उत्तर देताना मूळ लेखकांनी १९६४ मध्येच या शंकेचा विचार केला होता, याची दखल घेतली गेली असती तर संवाद बरोबरीच्या पातळीवर झाला असता. ‘हे पटत नाही’ असे म्हणणे आणि ‘त्यांनी ते असे पटवले होते, मला ते चित्रपटात जमत नाही’ असे म्हणणे, यांत फार अंतर आहे.

तिसरी जागा चाहत्यांच्या बाजूची. सह्यांच्या मोहिमेत ‘हवे’ किंवा ‘नको’ एवढेच मावते. पीटरच्या बुद्धीचा मुद्दा पुढे आणि यंत्राचा मागे ठेवला असता, तर दिग्दर्शकाला माघार न घेता काही देता आले असते. एका वस्तूवर सारी प्रतिष्ठा लावल्यामुळे ती वस्तू नाकारली जाताच मागणी संपली.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत चुकलेली जागा २००४ मधली, प्रकाशनसंस्थेची. चित्रपटाला वेगळा मार्ग घेण्याचे कारण होते; पुस्तकाला चित्रपटामागे जाण्याचे तसे कारण कथेत नव्हते. योगायोग असा की त्याच वर्षी ‘स्पायडरमॅन इंडिया’ ही छोटी मालिकाही निघाली. तिच्यात नायक पवित्र प्रभाकर, शहर मुंबई, शक्ती देणारा एक योगी, आणि पोशाखात चक्क धोतर होते. मुळापासूनची तिची फारकत मनगटाच्या बदलाहून शतपटीने मोठी होती, तरी फसवणूक झाल्याची भावना तिने निर्माण केली नाही, कारण ही वेगळ्या मुलाची गोष्ट आहे असे तिने दारातच सांगितले होते. मूळ पीटरच्या अंगात मात्र बदल ‘हाच तो’ असे म्हणत घुसवला गेला. २०२३ मध्ये पवित्र पडद्यावर आला तेव्हा तो चित्रपट भारतात दहा भाषांत, मराठीतही, लागला होता.

डिसेंबर २०२१ च्या चित्रपटात तीन पिढ्यांचे तीन पीटर एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकत्र येतात. टेबलावर रसायनाची कुपी पाहून २००२ चा पीटर, आता चाळिशी ओलांडलेला, हे कशासाठी असे विचारतो. जाळ्याची कुपी आहे, असे उत्तर येते. तो नुसता हात पुढे करतो, मधली दोन बोटे तळहातावर दाबतो, आणि उरलेले दोघे तोंडाचा आ वासून त्याच्या मनगटाकडे पाहत राहतात.